‘लिटल हाउस’ या मुलांच्या पुस्तकांची अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर हिचे आई-वडील पुस्तकात आहेत तसे खरंच पश्चिमेकडे जात राहिले होते का?

गेले, पण सरळ नाही. मी एकदा त्यांची वाट नकाशावर काढायला बसलो आणि दोनदा खोडरबर घ्यावं लागलं. मी बाण पुढे काढत होतो आणि हे बिऱ्हाड मागे फिरत होतं.

लॉराचा बाप चार्ल्स इंगल्स १८३६ साली न्यूयॉर्क राज्यात जन्मला, आई कॅरोलाइन क्वाइनर १८३९ साली विस्कॉन्सिनमध्ये. लग्न १८६० चं. या दोन घरांत एक नाही, तीन लग्नं झाली. चार्ल्सच्या भावाने कॅरोलाइनची बहीण केली आणि चार्ल्सची बहीण कॅरोलाइनच्या भावाला दिली गेली. म्हणजे लॉराला अमुक भावंडं चुलत की मावस, असा प्रश्नच नको. दोन्ही!

१८६९ मध्ये ते कॅन्ससला गेले. पुस्तकात त्यांचं घर इंडिपेंडन्स गावापासून चाळीस मैलांवर आहे, प्रत्यक्षात ते साधारण तेरा मैलांवर होतं. जमीन ओसेज या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीची. १८७० च्या जनगणनेत या कुटुंबाची नावं आहेत, पण जमिनीच्या किमतीचा रकाना कोरा, कारण जमीन यांची नव्हतीच. सैनिक हाकलून लावणार म्हणून ते निघाले असं पुस्तक सांगतं. पण त्याच वर्षी ती जमीन ओसेजांकडून काढून वसाहतवाल्यांना विकायचं सरकारने ठरवलं होतं, म्हणजे यांना तिथे थांबता आलं असतं. इकडे विस्कॉन्सिनची शेती ज्याला विकली होती त्याला हप्ते झेपेनात. ती शेती परत गळ्यात आली आणि १८७१ मध्ये हे मागे गेले.

पुढे १८७४ मध्ये मिनेसोटात प्लम क्रीकच्या काठी जमीन घेतली, आणि टोळधाड आली. मला यातला सगळ्यात बोलका कागद इथलाच वाटतो. १८७५ च्या अखेरीस चार्ल्सने सरकारी मदतीसाठी, माझ्याजवळ काहीही साधन नाही, असं शपथेवर लिहून दिलं. पदरात पडलं सव्वापाच डॉलरचं पीठ. पुस्तकातला तो गाणारा, फिडल वाजवणारा बाप त्या दिवशी कचेरीत कसा उभा राहिला असेल! लॉराने हे पुस्तकात घेतलं नाही. १८७५ साली जन्मलेला आणि वर्षभरही न जगलेला धाकटा भाऊ फ्रेडीसुद्धा नाही.

त्यानंतर तर ते चक्क पूर्वेला गेले, आयोवातल्या बर ओकला, एका हॉटेलात काम करायला. तिथून घरमालकाची देणी राहिलेली असताना रातोरात गाडी जुंपून निघाले. हे लॉराच्या आठवणींत आहे, मुलांच्या पुस्तकांत नाही. मुलांसाठी लिहिताना तिने वाट सरळ केली, आणि आई-वडिलांचं कर्जही त्यातच पुसलं गेलं. मला त्याचा राग येत नाही. आपल्या घरीसुद्धा आजोबांचं कर्ज कोण सांगतं?

परत मिनेसोटा, आणि १८७९ मध्ये रेल्वेच्या कामावर हिशेबनीस म्हणून डकोटा. तिथे डी स्मेट गावाजवळ होमस्टेड कायद्याखाली १६० एकर. कायदा १८६२ चा: पाच वर्षं राहा, कसा, मग जमीन नावावर. चार्ल्सचा जीव अजून पुढे, ऑरेगनकडे ओढत होता. कॅरोलाइनने मात्र पाय रोवले. ती लग्नाआधी शिक्षिका होती, मुलींची शाळा तिला सोडवायची नव्हती. त्यात थोरली मेरी १८७९ मध्ये आंधळी झालेली. पुढे तिला आयोवातल्या अंधशाळेत घातली.

शेवटी शेती विकूनच टाकली. चार्ल्सने गावात १८८७ मध्ये घर बांधलं होतं. तो १९०२ ला गेला. कॅरोलाइन मेरीला घेऊन त्याच घरात १९२४ पर्यंत राहिली. ते घर अजून उभं आहे, आणि विकलेल्या शेतावर चार्ल्सने लावलेली कॉटनवूडची झाडंही.