गेट-टुगेदरचे फोटो आहेत, पण फोन कोणाला करू?

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातली, यंदा बी.एस्सी. केमिस्ट्री झाली. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, अडीचशे जण, कोणी पुण्यात कंपनीत, एक दादा तर बँकेत मॅनेजर. मागच्या महिन्यात हिंमत करून टाकलं, 'मी फ्रेशर आहे, कुठं जॉब असेल तर सांगा'. चार अंगठे आले, एकाने 'ऑल द बेस्ट बेटा' लिहिलं अन् दहा मिनिटांत कोणाच्यातरी वाढदिवसाचा केक आला, माझा मेसेज गेला वर. बाबा म्हणतात तोवर कापूस वेचायला चल. मोठ्या लोकांना पर्सनल मेसेज करायची लाज वाटते. नवोदयवाले कसे एकमेकांना धरून असतात, आमचंच असं का?

उत्तर : अंगठा दाखवणं कशाला म्हणतात ते आपल्याला माहीतच आहे, पण त्या चौघांच्या मनात तसं नसेल गं. अडीचशे लोकांना एकदम विचारलं की प्रत्येकाला वाटतं बाकीचे बघून घेतील. अन् 'कुठं जॉब असेल तर' म्हणजे कोणता, शाळेत का लॅबमध्ये, पुणे चालेल का, रात्रपाळी जमेल का, त्या मॅनेजर दादाला काही कळायला मार्ग नाही.

नवोदयचं म्हणशील तर १९८५-८६ मध्ये देशात प्रयोग म्हणून पहिली दोन नवोदय उघडली त्यातलं एक आपल्या अमरावतीचं, पण ती पोरं सहावीपासून होस्टेलात एका ताटात जेवलेली असतात, आपण घंटा झाली की एस.टी. धरायला पळालो. फरक पडणारच.

म्हणून ग्रुपात विचारणं सोड (एक्झिट नको होऊ). मेंबरची लिस्ट खाली सरकवत जा अन् तुझ्याच लाईनचा, तुझ्याहून चार-सहा वर्षंच मोठा कोणी शोध, वीस वर्षं मोठा साहेब नको, त्याला स्वतःचा पहिला इंटरव्ह्यू आता आठवतही नाही. समज नागपूरजवळ बुटीबोरीला नाहीतर पुण्याकडे औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे माल बरोबर आहे का ते तपासतात तिथं, असलेली एखादी ताई सापडली, तर ती सांगेल की टायट्रेशनवर काय विचारतात, कॉलेजात औषधातले घटक वेगळे करून मोजणारी एच.पी.एल.सी. मशीन नुसती लांबून पाहिली असेल तर तसं खरं सांगायचं का, पीएफ कापून हातात किती उरतात, रूमला डिपॉझिट किती महिन्यांचं मागतात, सेकंड शिफ्ट सुटल्यावर गाडी मिळते का. हे आपल्या घरी कोणाला माहीत असणार, बाबांनी जन्मात ऑफर लेटर पाहिलेलं नसतं. नोकरदाराच्या पोराला हेच जेवता जेवता फुकटात कळतं, तुला मागून घ्यावं लागेल, त्यात लाज कसली बाई.

मेसेज एवढाच टाक, 'ताई, मी आपल्याच शाळेची, यंदा बी.एस्सी. झाली, क्यूसीत जायचं आहे. माझ्या बायोडाटात काय कमी आहे ते सांगाल का? रविवारी पंधरा मिनिटं फोन केला तर चालेल?' उत्तर नाही आलं तर आठ दिवसांनी एकदा आठवण दे, मग दुसरं कोणी बघ. अन् तिनं काही करायला सांगितलं तर करून तिला कळव, पोरं इथंच चुकतात, काम झालं की गायब होतात.

तोवर रिकामी बसू नको. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, त्यात काम शिकता शिकता पदवीधरांना महिन्याला १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलेलं, जागा आहे का ते चौकशी कर. ती पक्की नोकरी नाही हे मात्र डोक्यात ठेव. पुढं शिकायचंच मनात असेल तर राजू केंद्रे यांची एकलव्य ही संस्था आपल्यासारख्या पहिल्या पिढीच्या पोरांना मोठ्या विद्यापीठांत जायला मार्गदर्शन करते, तिकडेही बघ.

प्रश्न : आमच्या दहावीच्या बॅचचं पंचवीस वर्षांनी गेट-टुगेदर झालं, शाळेला वॉटर कूलर दिला. आता गावच्या पोरांना नोकरीसाठी मार्गदर्शन करायचं म्हणतो. संघटना रजिस्टर करावी का?

उत्तर : भाऊ, रजिस्टर कायले करता एवढ्यात! कॉलेजवाले करतात कारण कॉलेजांना ग्रेड देणारे नॅकवाले माजी विद्यार्थ्यांचं काय चाललंय ते विचारतात, अन् मग शाल-श्रीफळ, फोटो, संपलं. तुम्ही दोन पोरं धरा, महिन्याचा एक रविवार ठरवा अन् वर्षभर पाळा. नोकरी लावून देतो असं तोंडातून काढू नका, जमत नसेल ते तोंडावर सांगा, पोरं 'बघू'वर सहा-सहा महिने काढतात हो.

अन् एक विचारते, तुमच्या बॅचच्या मुली ग्रुपात किती आहेत? लग्न झालं, आडनाव बदललं, नंबर कोणाकडेच नाही, असंच असेल. इकडे वरच्या प्रश्नातल्या पोरीचे बाबा पहिले हेच विचारणार की फोन कोणाचा आला होता. तुमच्यातली कोणी नर्स असेल, कोणी मास्तरीण, कोणी बचत गट चालवत असेल. पुढच्या रविवारच्या आत त्यांचे नंबर शोधा, माहेरी भाऊ असतोच गावात, त्याला विचारा.