कुस्ती ठरवलेलीच असते, तर समीक्षक तिला 'पाच तारे' कशाचे देतात? २०११चा मनी इन द बँक शो एवढा का गाजला?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मित्राने हा शो 'बघच' म्हणून गळ्यात मारला, तुम्ही दहा मिनिटं बघितला आणि 'हे तर सगळं नाटक' म्हणून बंद केला. त्यात तुमचं काही चुकलं नाही. आमच्या घरातही हाच वाद होता. आमचे तात्या, म्हणजे थोरले चुलते, तरुणपणी तालमीतल्या लाल मातीत घोळलेले. मी टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे हे शो करणारी अमेरिकन कुस्ती कंपनी, लावलं की जाता-येता एकच शब्द टाकायचे: "नुरा!" आपल्याकडे आधी ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात आणि मैदानात ती शिवीच समजली जाते. अमेरिकेत मात्र नुरा कुस्ती हाच धंदा आहे. तो कोण किती चांगला करतो, त्याला गुण मिळतात. कोण जिंकलं याला गुण नसतात. हजारो लोकांना सगळं माहीत असूनही त्यांचा श्वास अडकवता आला का, याला असतात.

गुण देणाऱ्यांत सर्वात वजनदार नाव डेव्ह मेल्ट्झरचं. 'रेसलिंग ऑब्झर्व्हर' नावाचं वार्तापत्र तो वर्षानुवर्षं चालवतोय आणि सामन्यांना तारे देतो. पाच म्हणजे तेव्हा सहसा पैकीच्या पैकी. ऑक्टोबर १९९७ मध्ये अंडरटेकर आणि शॉन मायकल्स पिंजऱ्यात लढले, त्या सामन्याला त्याने पाच दिले. त्यानंतर या कंपनीच्या एकाही सामन्याला १४ वर्षं पाच मिळाले नाहीत. ते मिळाले १७ जुलै २०११ला, सीएम पंक विरुद्ध जॉन सीना या सामन्याला. त्या वर्षीचा सर्वोत्तम शो म्हणूनही ऑब्झर्व्हरने याच शोला मान दिला.

आता हे का झालं ते समजायला तीन आठवडे मागे जावं लागेल. पंकचा कंपनीशी असलेला करार खरोखरच संपत आला होता. २७ जूनला लास व्हेगासला तो स्टेजवर मांडी ठोकून बसला आणि माइक हातात घेऊन बोलत सुटला. कंपनीचे तेव्हाचे मालक व्हिन्स मॅकमहन, त्यांची मुलगी, जावई, कुणालाच सोडलं नाही. आपण सगळ्यांत चांगले असूनही आपल्याला मागे ठेवलं जातं, हे त्याचं रडगाणं नव्हतं, हिशेब होता. शेवटी त्याचा माइकच बंद पडला. यातलं लिहून दिलेलं किती आणि पोटातलं किती, हे बघणाऱ्याला कळेना. १७ जुलैच्या रात्री करार संपणार, त्याच रात्री मी सीनाला हरवून मुख्य बेल्ट, म्हणजे अजिंक्यपदाचा पट्टा, घेऊन कंपनीतून चालता होणार, असं त्याने जाहीर करून टाकलेलं. आणि शो कुठे? शिकागोला खेटून असलेल्या रोझमाँटच्या ऑलस्टेट अरेनात. पंक शिकागोचा. म्हणजे घरचं मैदान.

आता प्रत्यक्ष शो. सगळा शो उत्तम होता असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मार्क हेन्री आणि बिग शो यांची लढत म्हणजे दोन ट्रक एकमेकांना घासून गेल्यासारखी. महिलांचा सामना सुरू होतो न होतो तोच संपला. ख्रिश्चन विरुद्ध रँडी ऑर्टन चांगला रंगला होता, पण त्यात अट अशी की ऑर्टन नियमभंगाने बाद झाला तरी त्याच्याकडचा दुसरा बेल्ट जाणार. ख्रिश्चन त्याच्या तोंडावर थुंकला, ऑर्टनचं डोकं फिरलं आणि बेल्ट गेला. कथा म्हणून हुशारीची, पण पैसे मोजून बसलेल्याला उपाशी उठवणारी. (तिकडे तेव्हा हे शो 'पे-पर-व्ह्यू' असायचे, एकेका शोचे वेगळे पैसे. आपण टेन स्पोर्ट्सवर केबलच्या पैशात बघत होतो, म्हणून आपली तक्रार कमी.)

शिडीच्या सामन्याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं आणि ते मला खटकतं. वर टांगलेली ब्रीफकेस जो काढेल त्याला वर्षभरात कधीही बेल्टसाठी सामना मागता येतो. स्मॅकडाउन या कंपनीच्या साप्ताहिक कार्यक्रमाच्या आठ जणांत डॅनियल ब्रायन होता. दिसायला किरकोळ, कॉलेजातल्या प्रॅक्टिकलच्या मास्तरांसारखा. पंक आणि तो दोघेही रिंग ऑफ ऑनरसारख्या छोट्या कंपनीतून, लहान सभागृहांतून वर आलेले. त्याच सामन्यात शेमसने सिन काराला उचलून शिडीवर असा आपटला की शिडीच मोडली. अन् शेवटी ब्रीफकेस काढली ब्रायनने! एकाच रात्री अशी दोन माणसं जिंकली, जी या कंपनीच्या जुन्या मापात कधी बसलीच नव्हती. जाणकार खूश झाले त्याचं अर्धं कारण हे आहे.

मुख्य सामना अर्ध्या तासाहून लांबला. कौशल्याच्या हिशेबाने तो निर्दोष नाही, हे आधीच सांगतो. मधे दोन-तीनदा दोघांच्या हालचाली जुळत नाहीत, पकड अर्धवट बसते. तात्यांनी असल्या पकडीला नाक मुरडलंच असतं. पण आवाज ऐका. १४ हजारांवर माणसं पंकच्या नावाने बेंबीच्या देठापासून ओरडताहेत, आणि सीना, म्हणजे कंपनीचा लाडका हिरो, आला की हुर्यो. सीनाने ते ज्या पद्धतीने अंगावर घेतलं त्याला तोड नाही. चिडला नाही, लोकांची मनधरणी केली नाही, तोंड पाडून उभा राहिला.

सीनाचा पराभव टाळण्यासाठी मालक काय करतो, तिथे या कुस्तीची खरी करामत आहे. १९९७ला माँट्रियलमध्ये ब्रेट हार्ट कंपनी सोडून चालला होता. तेव्हा त्याने हार मानलेली नसताना व्हिन्सने घंटा वाजवायला लावली होती. तो दगा खरा होता, ठरवलेल्या खेळातला न ठरवलेला. इथेही सीनाने पंकला पकडीत घेतलं आणि व्हिन्स रिंगणाशी आला. सोबतच्या जॉन लॉरिनायटिसला घंटा वाजवायला पाठवलं. पाहणाऱ्या प्रत्येकाला माँट्रियल आठवलं. आणि सीनाने काय केलं? हातातली पकड सोडली, बाहेर गेला, लॉरिनायटिसला ठोसा हाणला. असलं जिंकणं नको, हे मालकाला तोंडावर सांगितलं आणि परत आत आला. आत आला तो थेट पंकच्या खांद्यावर. गुडघा तोंडावर. पंचाने मोजलं एक, दोन, तीन, आणि पंक जिंकला.

माझ्याकडे तेव्हा सोमवारची सकाळ होती. तात्या चहाची बशी घेऊन दारात उभे होते. सीना पकड सोडून बाहेर गेला तेव्हा ते आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकले. निकाल लागल्यावर म्हणाले, "नुरा आहे, पण बेणं प्रामाणिक आहे." कोण, ते सांगितलं नाही. मी सीना धरतो.

व्हिन्सने तरी हार मानली नाही. त्याच रात्री शिडीच्या दुसऱ्या सामन्यात ब्रीफकेस जिंकलेल्या अल्बर्टो डेल रिओला बेल्टसाठी सामना मागायला बोलावलं, पण पंकने त्याच्या डोक्यात लाथ घातली. मग कठडा ओलांडून गर्दीत शिरला आणि जाता जाता मालकाकडे एक हवेतलं चुंबन फेकून बेल्टसकट पसार झाला. नंतर त्याने तो बेल्ट घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्याचा फोटो टाकला. खरं तर नवा करार झालेला होता, हे लोकांना मागाहून कळलं.

पुढचं वाचायला बरं वाटणार नाही. कंपनीला धीर धरवला नाही. आठच दिवसांत पंक परत. ऑगस्टच्या समरस्लॅमला त्याने सीनाला पुन्हा पाडलं, तर केव्हिन नॅश या जुन्या पैलवानाने मधे घुसून त्याला लोळवलं आणि डेल रिओ आपली ब्रीफकेस वापरून बेल्ट घेऊन गेला. समीक्षकांनी तेव्हा जी टीका केली ती मला पटते: तो बेल्ट दोन महिने तरी फ्रिजमध्ये राहायला हवा होता.

तुम्ही परत बघणार असाल तर आधी २७ जूनचं पंकचं भाषण बघा, मग शिडीचा सामना, मग शेवटचा. मधलं सगळं पुढे ढकला. आणि आवाज मोठा ठेवा.