फोटो दाखवताना नेमकं विचारा

फोटोवर दुसऱ्याचं मत घेताना नुसतं ‘कसा वाटला?’ विचारलंत तर ‘छान’ एवढंच ऐकायला मिळेल. त्यातून काही शिकता येत नाही. ‘मागचा फलक नजर खेचतो का?’ असं विचारा. शटर स्पीड (शटर किती वेळ उघडा होता), अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं होतं), आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) सांगा आणि न कापलेली मूळ फ्रेमही दाखवा.

खेळाचा फोटो धूसर आला की नवखे लगेच लेन्सला दोष देतात. आधी नीट बघा. मैदान स्पष्ट पण हातपाय ओघळल्यासारखे दिसत असतील, तर शटर मंद होता. धावत्या खेळाडूसाठी १/१००० सेकंदापासून सुरुवात करा. त्यासाठी आयएसओ वाढला तरी चालेल, फोटोत थोडे दाणे (बारीक ठिपके) दिसलेले परवडतात. कुठेच ओघळ नाही, खेळाडू मऊ आणि मागचे प्रेक्षक मात्र लख्ख, तर फोकस चुकला. अनुभवी माणूस हे क्षणात सांगेल, पण मूळ फाइल समोर हवी.

पोर्ट्रेटमध्ये कॅमेऱ्याजवळचा डोळा स्पष्ट हवाच. ८५ मिमी लेन्स एफ/१.८ वर, म्हणजे छिद्र बरंच उघडं ठेवून, जवळून वापरली की नाक आणि डोळा एकत्र फोकसमध्ये राहणं कठीण. डोक्यामागून उगवलेला खांब तर तुम्हाला दिसणारच नाही, कारण तुमचं लक्ष चेहऱ्यावर असतं. तो दुसऱ्याला आधी दिसतो.

मतं जुळली नाहीत तर गोंधळू नका, बऱ्याचदा तो आवडीनिवडीचा भाग असतो. तीच चूक अनेकांनी दाखवली तर मात्र वाद न घालता पुढच्या वेळी तेवढीच एक गोष्ट बदला आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवून पुन्हा विचारा.