दोन ग्लेझ एकावर एक दिली की नेमकं काय होतं?

प्रश्न : ताई, माझ्याकडे एक लोखंडाचं काळपट तपकिरी ग्लेझ (मातीच्या भांड्यावर द्यायचा, भट्टीत वितळून काच होणारा लेप) आहे आणि एक पांढरं कॅल्शियम मॅट, म्हणजे बिनचमकीचं, दोन्ही एकेकटी वापरली तर अजिबात ओघळत नाहीत. पण तपकिरी मगचा काठ पांढऱ्यात बुडवला तर नेमकं जिथे दोन थर आले तिथूनच सगळं वाहत भट्टीच्या शेल्फवर गेलं. दोन्ही ग्लेझ जागच्या जागी राहणारी असताना असं कसं?

उत्तर : कारण जिथे दोन थर एकत्र वितळतात तिथे ती दोन ग्लेझ राहतच नाहीत, एक तिसरंच ग्लेझ तयार होतं आणि त्याचा स्वभाव वेगळा. तुमचं पांढरं मॅट आहे ते त्यात कॅल्शियम जास्त आणि सिलिका त्यामानाने कमी म्हणून, म्हणजे ते जादा कॅल्शियम काचेत पूर्ण विरघळत नाही, थंड होताना त्याचे बारीक स्फटिक होतात आणि चमक जाते. आणि तपकिरीमध्ये सिलिका भरपूर. आता ही दोघं भेटली की कॅल्शियमला हवी ती सिलिका मिळते आणि मिश्रण दोघांपेक्षाही कमी तापमानाला वितळायला लागतं, याला युटेक्टिक म्हणतात. नुसती सिलिका वितळायला साधारण 1700 अंश लागतात पण योग्य प्रमाणात सोबती मिळाले की तीच 1200 च्या आसपास पातळ होते, सगळं ग्लेझ यावरच तर चालतं. त्यात थराची जाडी दुप्पट झालेली, मग ओघळणारच.

पण म्हणून सोडून देऊ नका प्लीज, कारण या ओघळण्यातच ते सुंदर निळसर-दुधी रेघांचे परिणाम मिळतात, विशेषतः वरच्या ग्लेझमध्ये रुटाइल (टायटॅनियमचं खनिज) किंवा टायटॅनियम असेल तर. दुसरा थर फक्त वरच्या एक-तृतीयांश भागात द्या, दोन्ही थर नेहमीपेक्षा पातळ ठेवा, तळाशी दीड-दोन सेंटीमीटर कोरं सोडा आणि खाली बिस्क केलेल्या, म्हणजे ग्लेझ न देता एकदा भाजलेल्या मातीची एक चकती ठेवा, शेल्फ वाचतं. आणि एकदा क्रम उलटा करून बघाच, पांढरं खाली तपकिरी वर, बऱ्याचदा वेगळंच काहीतरी येतं. टेस्ट टाइल, म्हणजे ग्लेझ तपासायचा मातीचा छोटा तुकडा, मात्र उभी हवी, आडव्या टाइलवर ओघळ कळतच नाही.

प्रश्न : दोन तयार ओल्या ग्लेझ एकमेकांत मिसळून मधले रंग काढता येतील का? की सगळं कोरडं वजन करूनच करावं लागतं?

उत्तर : ओलंच मिसळा, खूप सोपं आहे. फक्त आधी दोन्हींची घनता सारखी करून घ्या, म्हणजे 100 मिली ग्लेझ वजन करा, दोन्हीकडे समजा 145 ग्रॅम भरलं की झालं, मग मिलीमध्ये मोजलेलं प्रमाण विश्वासाचं ठरतं. दोन्ही चाळून घ्या आणि बिनसुईच्या सिरिंजने 100-0, 80-20, 60-40 असं 0-100 पर्यंत सहा टाइल करा. तीन ग्लेझ घेतली तर त्रिकोणी मांडणी करायची, 20 टक्क्यांच्या टप्प्याने 21 टाइल होतात. प्रमाण टाइलच्या मागे आयर्न ऑक्साइडने लिहा, पेन्सिल भट्टीत उडून जाते.

रंग मात्र सरळ रेषेत बदलेल असं धरू नका. कोबाल्ट इतकं जोरकस असतं की निळं 20 टक्के घातलं तरी टाइल चांगलीच निळी दिसते. क्रोमचं हिरवं कथिल असलेल्या पांढऱ्यात गेलं तर गुलाबी किंवा करडी छटा येऊ शकते आणि जस्त असलेल्या ग्लेझमध्ये गेलं तर तपकिरी!! म्हणून मिसळण्याआधी ग्लेझमध्ये काय आहे ते वाचाच. आणि कोरडी पावडर हाताळताना मास्क लावायचाच, सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की तिथेच बसते.

प्रश्न : दुसरा थर दिला की पहिला पापुद्र्यासारखा सुटतो. काय करू?

उत्तर : पहिला थर पूर्ण सुकू देताय तुम्ही. सुकलेल्या थरात पाणी शिरलं की तो फुगतो, मग आकसतो आणि भांड्यावरची पकड सुटते. वरची ओली चमक गेली की लगेच दुसरा द्या. सुटलेला भाग तसाच भाजू नका, धुऊन काढा, भांडं सुकवा आणि पुन्हा सुरुवात करा.

प्रश्न : दोन्ही बरण्यांवर 'फूड सेफ' लिहिलंय, मग थर दिलेला बाऊल जेवणासाठी चालेल ना?

उत्तर : तो शिक्का एकेकट्या ग्लेझसाठी आणि सांगितलेल्या तापमानासाठी असतो, वर म्हटलं तसं थरातलं ग्लेझ तिसरंच आहे. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून रंग उडाला तर ते नक्कीच बाद, पण नाही उडाला म्हणून सुरक्षित झालं असंही नाही, खात्री लॅबमध्ये तपासूनच होते. तोवर थरांचे प्रयोग बाहेरच्या बाजूला करा, तेही ओठ लागतात तो काठ सोडून, आणि आत भरवशाचं एकच ग्लेझ द्या.