नाशिकमध्ये जुन्या वाड्यात मुक्काम करावा का?

सत्तरीतल्या आईवडिलांना घेऊन दोन दिवस येताय आणि हॉटेल घ्यावं की सराफ बाजाराकडच्या एखाद्या जुन्या वाड्यात न्याहारीसकट खोली, असं विचारलंय तुम्ही. वाडा घ्या, पण पैसे भरण्याआधी एकच विचारा: खोली तळमजल्यावर आहे ना?

मी नाशिकचाच. गेल्या एप्रिलमध्ये बहिणीच्या साखरपुड्याला घर पाहुण्यांनी भरलं, म्हणून मावशीला घेऊन मी अशाच एका वाड्यात दोन रात्री राहिलो. जिना दोन भिंतींच्या मधून सरळ वर गेलेला, पायरी जवळजवळ फूटभर उंच, धरायला वरून सोडलेला दोर. मावशी दुसऱ्याच पायरीवर बसली. "तू जा वर, मी इथंच पथारी टाकते." शेवटी मालकीणबाईंनी ओसरीलगतची खोली उघडून दिली, आणि वाड्यातली सगळ्यात चांगली खोली तीच निघाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत जाड भिंतींमुळे एसीची आठवणही झाली नाही.

आता खोड्या. सागाची तुळई जेवढी लांब तेवढाच खण रुंद, त्यामुळे खोल्या चिंचोळ्या; डबलबेड टाकला की अंग तिरकं करून चालायचं. वर कुणी चाललं की तक्तपोशीतून, म्हणजे छताच्या लाकडी फळ्यांतून, चिमूटभर माती खाली येते. मावशीच्या चहात पडली, तिनं बोटानं काढली आणि चहा पिऊन टाकला. फळ्यांच्या भिंतीतून आवाज आरपार जातो, आणि आमच्या मावशीचा आवाज म्हणजे नारोशंकराची घंटा. पलीकडच्या पाहुण्यांना सकाळी नवऱ्या मुलाचा पगारसुद्धा पाठ होता. (खरी घंटा रामकुंडाजवळ, १७४७ च्या देवळात आहे. वसईच्या मोहिमेतली. आईवडिलांना जरूर दाखवा.)

संडास-बाथरूम खोलीला जोडून आहे की चौक ओलांडून, हेही फोनवरच विचारून घ्या. आमचं चौकापलीकडे होतं, रात्री दोनदा टॉर्च घेऊन सोबत जावं लागलं.

गाडी दारापर्यंत जाईल ही आशा सोडा. रविवार कारंजावर उतरून सामान हातात घ्यायचं. आणि पावसाळ्यात येणार असाल तर गंगापूर धरणाच्या विसर्गाची बातमी बघून निघा. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती (पूर किती चढला ते नाशिककर याच मूर्तीवरून ओळखतात) बुडायला लागला की सराफ बाजारातले लोक माल वरच्या मजल्यावर हलवतात, तेव्हा तळमजल्याची खोली मागू नका.