शाळेची फी झेपेल, पगार गेला तर झेपणार नाही

प्रश्न : माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, जूनमध्ये पाचवीत जाईल. आयसीएसईच्या शाळेत आहे. खासगी क्लिनिकमध्ये १२,००० रुपये भरून तपासणी केली, डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण) आणि डिसग्राफिया (लिहिण्यातली अडचण) असल्याचा अहवाल आला. तोंडी सगळं सांगतो, वही उघडली की रडतो. शाळेने 'दुसरीकडे बघा' असं सुचवलंय. अशा मुलांसाठी असलेल्या एका शाळेत जागा आहे. तिथे फी वर्षाला ३,४०,००० आणि बसचे ४८,००० वेगळे. सध्याची फी ७२,००० आहे. मी सहकारी बँकेत आहे, हातात ४६,००० येतात, मिस्टरांच्या हातात ७८,०००. मी नोकरी सोडून त्याचा अभ्यास घ्यावा आणि त्याच्या शिक्षणासाठी साठवलेला म्युच्युअल फंड मोडून नव्या शाळेची फी भरावी, असं मनात आहे. सासरे दापोलीची आंब्याची कलमं विकायला तयार आहेत. मिस्टर म्हणतात, मीही लहानपणी असाच होतो, आपोआप सुधारेल. ओळखीच्या एजंटने 'विशेष मुलांची' पॉलिसी दिली आहे. वर्षाला ६०,००० हप्ता, पंधरा वर्षं. पहिला हप्ता भरला. काय करू? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, शाळा बदलणं आणि नोकरी सोडणं हे दोन निर्णय तुम्ही एकाच गाठीत बांधलेत. आधी ती गाठ सोडवू, कारण दोन्हींच्या किमतीत फार फरक आहे.

तुम्ही पाठवलेला हिशेब असा. घरात महिन्याला १,२४,००० येतात. गृहकर्जाचा हप्ता ३४,०००, घरखर्च ४५,०००, दोन्ही मुलांच्या शाळा मिळून १०,०००, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) १०,०००, सासू-सासऱ्यांची औषधं ६,०००, आरोग्यविमा ३,०००. एकूण १,०८,००० जातात आणि १६,००० उरतात. (पॉलिसीचा हप्ता मी यात धरलेला नाही. का, ते पुढे.) साठवणीत ४ लाखांची एफडी, ७.२ लाखांचा म्युच्युअल फंड आणि पीपीएफ आहे.

नवी शाळा घेतली, तर आजच्या फीपेक्षा वर्षाला ३,१६,००० जास्त लागतील, म्हणजे महिन्याला सुमारे २६,३००. तुमची नोकरी चालू ठेवली आणि एसआयपी थांबवली, तर हे पैसे जवळजवळ बसतात. ओढाताण होईल, सहल-कपडे बंद होतील, पण घर चालेल. आता शाळा तीच ठेवून फक्त नोकरी सोडून बघा. एसआयपी थांबवूनही दरमहा २०,००० कमी पडतात. दोन्ही एकदम केलंत, तर तूट महिन्याला ४६,००० च्या वर जाते, म्हणजे वर्षाला साडेपाच लाख. एफडी आणि फंड मिळून ११.२ लाख. फी एका रुपयाने वाढली नाही असं धरलं तरी मुलगा सहावी संपवेल तेव्हा हाताशी काही उरलेलं नसेल. आठवी ते दहावी, म्हणजे जिथे खरा कस लागतो ती वर्षं, पुढेच उभी असतील. तेव्हा त्याला त्या शाळेतून काढावं लागलं, तर आज न घातल्याने होईल त्यापेक्षा मोठा धक्का बसेल.

पत्रात तुमच्या पगाराचा उल्लेख ओझरता आलाय, पण या घरात मुलाच्या कामी येणारी सगळ्यात मोठी रक्कम तीच आहे. पगारवाढ न धरता दहावीपर्यंतच्या सहा वर्षांत ३३ लाख होतात, पीएफ वेगळा. आणि सहा वर्षांनी बँक त्याच जागी परत घेईल याची हमी कोणी देत नाही. पैशाबाहेरचं एक सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. वाचता न येणाऱ्या मुलाला रोज संध्याकाळी आईनेच वाचायला बसवायचं, यात आई आणि मूल दोघंही दमतात. ते काम शिकलेल्या माणसाला पैसे देऊन करून घेणं स्वस्त पडतं. घराजवळची शाखा मागून बघा. रोजच्या प्रवासातला एक तास वाचला, तरी तो त्याच्या वाट्याला येईल.

आता शिकवण्याबद्दल. तुम्ही कळवलेल्या दराने विशेष शिक्षिका एका तासाला ७०० घेते. आठवड्याला तीन तास धरले तर महिन्याला साधारण ९,१००. अक्षरासाठी आठवड्यातून एकदा ऑक्युपेशनल थेरपी (हाताबोटांना लिहिण्यासारखी कामं जमावीत म्हणून घ्यायचे उपचार), ८०० प्रमाणे साधारण ३,५००. दोन्ही मिळून १२,६००, आणि ते तुमच्या उरणाऱ्या १६,००० मध्ये बसतं. फंड मोडायला नको, एसआयपी थांबवायला नको. शिक्षिका निवडताना तिची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे निःसंकोच विचारा. 'रेमेडियल' अशी पाटी लावून नेहमीची शिकवणी घेणारे बरेच आहेत, आणि त्यांना दिलेला पैसा वाया जातो. माझा कौल यालाच : शाळा आणि नोकरी तीच, जोडीला ही शिक्षिका आणि थेरपी. निदान एक शैक्षणिक वर्ष तरी हे करा.

पण शाळाच नको म्हणतेय, त्याचं काय? लेखी म्हणायला सांगा. शिक्षणहक्क कायद्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया, डिसग्राफिया त्यातच येतात) ही मान्य दिव्यांगता आहे. त्या कायद्याचंही सोळावं कलमच सरकारमान्य शाळांना सांगतं, की अशी अडचण लवकर ओळखायची आणि शिकवण्याच्या पद्धतीत त्यासाठी योग्य ते करायचं. भांडायला जाऊ नका. पण मुख्याध्यापकांच्या टेबलावर प्रमाणपत्र ठेवून बोलणं आणि विनवणी करणं यात फरक पडतो.

आणि ते प्रमाणपत्र तुमच्याकडे अजून नाही. १२,००० चा खासगी अहवाल शिक्षिकेला उपयोगी पडेल, पण सवलतींसाठी अधिकृत सरकारी किंवा पालिका रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायनचं लोकमान्य टिळक, केईएम आणि नायर इथे अध्ययन अक्षमतेची केंद्रं आहेत. डोंबिवलीच्या पत्त्यासाठी कुठे जायचं, ते आधी विचारून घ्या. फेऱ्या होतील, तारखा लांबच्या मिळतील, एक-दोन रजा जातील, पैसे मात्र नाममात्र लागतात. सुट्टी संपायची वाट न बघता नंबर लावा. मूल मोठं होताना पुन्हा तपासणी करावी लागते, तेव्हा जुने कागद जपून ठेवा.

या कागदावर काय मिळतं, ते पैशात मोजता येत नाही, म्हणून पालक त्याला कमी लेखतात. राज्य मंडळाच्या दहावीला तासाला २० मिनिटं जादा, लेखनिक, कॅल्क्युलेटर, भाषा आणि गणिताच्या बाबतीत सूट. आयसीएसई आणि सीबीएसईतही सवलती आहेत, तपशील थोडे वेगळे. त्यामुळे केवळ सवलतीसाठी बोर्ड बदलायची गरज नाही. तोंडी सगळं येणाऱ्या मुलाला लेखनिक मिळाला, तर त्याचे मार्क कुठे जातील, तुम्हीच बघा. अक्षमता ४० टक्के किंवा त्याहून जास्त नोंदली गेली, तर पुढे सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांमधल्या पाच टक्के राखीव जागांसाठीही तो पात्र ठरतो.

नव्या शाळेला मी कायमचं नाही म्हणत नाही. वर्षभर नीट शिकवूनही वाचन पुढे सरकलं नाही, किंवा रोज सकाळी पोट दुखायला लागलं, शाळेचं नाव काढलं की तो मिटून जातो असं दिसलं, तर ती ३,८८,००० ची शाळा घ्या. नोकरी ठेवून ती परवडते, हे वर पाहिलंच. मात्र अनामत भरण्याआधी त्यांना विचारा : एका मुलाला आठवड्यात वैयक्तिक किती तास मिळतात? नोंदणीकृत विशेष शिक्षक किती? मध्येच मूल काढलं तर काय परत मिळतं? आणि दहावीला कोणत्या बोर्डातून बसवता? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण उत्तर बऱ्याचदा 'राष्ट्रीय मुक्त विद्यालय' असं येतं. मुक्त विद्यालय चांगलंच आहे. विषय निवडता येतात, नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ वेळा परीक्षा देता येते. पण तिथे स्वतः नोंदणी करूनही बसता येतं, तेही या फीच्या अगदी किरकोळ हिश्श्यात. शाळा तुम्हाला मुक्त विद्यालयाव्यतिरिक्त काय देते, तेवढ्याचेच तुम्ही पैसे मोजताय.

मिस्टरांचं 'आपोआप सुधारेल' मला मान्य नाही. ही अडचण बऱ्याचदा घराण्यात चालत येते, तेव्हा ते स्वतःबद्दल खरंच सांगत असतील. त्यांचं निभावलं, पण किती मार खाऊन, ते एकदा निवांत विचारा. याच कारणासाठी धाकट्या मुलीकडेही लक्ष असू द्या, आणि तिच्या नावाचे पैसे मुलाच्या खर्चात ओढू नका.

सासऱ्यांची कलमं विकू नका. लागवडीची बाग घाईने काढली की भाव पडतो, हा एक भाग झाला. दुसरं म्हणजे, 'तुझ्यासाठी आजोबांनी बाग विकली' हे वाक्य आधीच मागे पडणाऱ्या मुलाच्या कानावर कधी ना कधी पडतंच. त्यांना हातभार लावायचाच असेल, तर हंगामाच्या आंब्याच्या पैशातून थेरपीचे काही महिने त्यांच्या नावावर मांडा. त्यांनाही बरं वाटेल.

राहिली पॉलिसी. एजंटने प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या '८० डीडी' कलमाखाली (अवलंबून असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी) ७५,००० ची वजावट सांगितली, असं तुम्ही लिहिलंय. ती वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून पगारदाराला १२.७५ लाखांच्या पगारापर्यंत कर नाही, आणि तुमच्या मिस्टरांचा पगार त्याच्या आत आहे. जिथे करच शून्य, तिथे वजावट कशातून करणार? शिवाय त्या कलमातली दिव्यांगतेची व्याख्या १९९५ च्या कायद्यावर बेतलेली आहे, आणि त्या यादीत अध्ययन अक्षमता नव्हती. कोणी जुन्या प्रणालीत असेल तर त्यानेही सीएला विचारल्याशिवाय हात घालू नये. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य योजनाही ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविध अक्षमता यांच्यासाठी आहे. तुमचा मुलगा त्यात बसत नाही.

यात नाराज होण्यासारखं काही नाही. अशा पॉलिसी ज्या मुलांना आईबाप गेल्यावर आयुष्यभर कोणीतरी सांभाळावं लागणार, त्यांच्यासाठी बनवलेल्या असतात. तुमचा मुलगा मोठा होईल, कमावेल, घर चालवेल. त्याला पैसा पन्नाशीत नको, आत्ता दहा ते सोळा या वयात हवाय. या सहा वर्षांत कमावणाऱ्या दोघांपैकी एकाला काही झालं तर काय, एवढाच विम्याचा प्रश्न आहे, आणि त्याला साधा टर्म विमा (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) पुरतो. मिस्टरांना कंपनीचा गट विमा आहे, पण तो नोकरीसोबत जातो. त्यांचा स्वतंत्र एक कोटीचा आणि तुमचा निदान पन्नास लाखांचा घ्या.

पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांची जोखीम, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च कापून बाकी पैसे मिळतात. कागद कोणत्या तारखेला आले, ते आजच बघा. अर्ज एजंटच्या हाती देऊ नका. कंपनीच्या शाखेत स्वतः जाऊन द्या आणि पोच घ्या. परत आलेल्या पैशातून आधी दोघांच्या टर्म विम्याचे हप्ते भरा, आणि उरतील ते शिक्षिकेच्या जून-जुलैच्या फीला ठेवा.