काचेला चिकटलेला फोटो

प्रश्न : फोंड्याच्या घरात आजोबांचा १९५०च्या सुमाराचा कृष्णधवल फोटो फ्रेममध्ये आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचा खालचा भाग काचेला चिकटला, तिथे चकचकीत डाग दिसतो. तो सोडवायचा कसा? आणि समकालीन कलेच्या संग्रहालयात छायाचित्राभोवती पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट असते, ती शोभेसाठीच का?

उत्तर : सोडवू नका. कृपा करून ओढूही नका. अशा फोटोतली प्रतिमा कागदात मुरलेली नसते. ती कागदावरच्या जिलेटिनच्या पातळ थरात, रुप्याच्या कणांची असते. ओल लागली की जिलेटिन फुगून मऊ होतं आणि काचेला टेकलेलं असेल तर तिथंच वाळून बसतं. तुम्हाला दिसतो तो डाग हाच. ओढलं की थर काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. वाफ, हेअर ड्रायर, पाण्यात भिजवणं हेही घरी नको. हाताने रंगवलेला किंवा बुरशी लागलेला फोटो पाण्यात धुऊनच जाईल.

फ्रेम पालथी ठेवून मागचे खिळे व पुठ्ठा काढा. फोटो आणि काच मात्र एकत्रच राहू द्या. काच बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि काचेसकट ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. इथे बरेच जण फसतात : चपटा, स्वस्त सीआयएस स्कॅनर (ज्याला फक्त काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं) काचेच्या जाडीमुळे २-३ मिलिमीटर वर राहिलेला फोटो धूसर टिपतो. सीसीडी स्कॅनर, म्हणजे थोडं वर राहिलेलंही स्पष्ट टिपणारा स्कॅनर, असलेला स्टुडिओ शोधा. भिंतीवर प्रत लावा. मूळ फोटो काचेसह आडवा, अंधारात ठेवा.

पांढरी चौकट म्हणजे माउंट. दिसायला छान असतो खरा, पण त्याचं पहिलं काम काच आणि फोटो यांत सुमारे दीड मिलिमीटरची फट राखणं. फ्रेमवाल्याला आम्लमुक्त बोर्डच मागा. फोटो डिंकाने किंवा सेलोटेपने न चिकटवता कागदी कोपऱ्यांत बसवा. मागे प्लायवूड नको, त्यातलं आम्ल कागद पिवळा करतं. पावसाचा मारा खाणारी चिऱ्याची बाहेरची भिंत टाळा, आतली निवडा. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे पाच मिलिमीटर जाडीचे तुकडे लावले की हवा खेळती राहते.

प्रश्न : अल्बमच्या पेटीत डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात का?

उत्तर : नको. गोळ्यांची वाफ फोटोंवर स्फटिक होऊन बसते, शिवाय ओल त्या शोषत नाहीतच. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषून रंग बदलणाऱ्या दाण्यांच्या, पुड्या ठेवा आणि रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. पुडी फोटोला टेकू देऊ नका. आणि पेटी भरायची ती जानेवारी-फेब्रुवारीत. जुलैत भरली, तर पावसाळ्याची ओल तुम्ही स्वतःच आत कोंडाल.